परतीची खिडकी

सोमवार, २ सप्टेंबर

मास्तर म्हणतो, कंपनीचा इतिहास कुणीतरी पहिल्यापासून लिहून ठेवला पाहिजे, पुढे छापायला बरा पडतो. त्याला स्वतःला लिहायचा कंटाळा, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. छापताना हे वाक्य गाळावं.

तर इतिहास असा. मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र आणि आता भागीदार. त्याने आयुष्यात कुणाला शिकवलेलं नाही, पण फळा दिसला की त्याचा हात शिवशिवतो, म्हणून मास्तर. आम्ही दोघांनी एक डिजिटल नाणं काढलं आहे, नाव 'ठाम'. असली बाकीची नाणी आज वर, उद्या खाली, झोकांड्या खात चालतात. आमचं तसं नाही. एक ठाम म्हणजे देशाच्या चलनातला एक, आजही आणि उद्याही. लोक आम्हाला एक देतात, तो आम्ही बँकेत ठेवतो आणि त्यांना फोनवर एक ठाम देतो. वर बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज. पैसे परत हवे असतील तर अ‍ॅपमध्ये 'परत' असं पान आहे. ऑफिसात आम्ही त्याला खिडकी म्हणतो. खिडकी उघडी आहे तोवर ठामची किंमत हलत नाही. यापलीकडे या धंद्यात समजण्यासारखं काही नाही, पण मास्तर हेच सांगायला दीड तास घेतो.

एक गोष्ट मात्र माझी. आम्ही ग्राहकांची नावं बघत नाही. मी पूर्वी ज्या बँकेत होतो तिथले साहेब ओळखीच्यांची खाती उघडून बघायचे आणि घरी जेवताना बायकोला सांगायचे. आमच्याकडे प्रत्येक खातं म्हणजे नुसता क्रमांक. नावं कुलपात, आणि कुलूप उघडायचं तर मास्तर, मी आणि झोपाळू अशा तिघांच्या किल्ल्या एकत्र लागतात. झोपाळू म्हणजे आमची प्रोग्रॅमर. दुपारी बाराच्या आत तिला कुणी जागं पाहिलेलं नाही, पण काम बावनकशी.

आज ठरलं की जमलेल्या पैशांपैकी चाळीस टक्के वर्षभराच्या ठेवीत टाकायचे. व्याज चांगलं मिळतं आणि पगार त्यातूनच निघतात. सगळे लोक एकाच दिवशी पैसे मागायला थोडेच येतात?

संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं. आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, पुढचं सगळं ताईने केलं. ती इस्पितळात वॉर्डची मुख्य नर्स आहे. माणसं उचलून उचलून तिच्या पाठीचा पार बोऱ्या वाजला आहे, आणि दोन वर्षं आधीच निवृत्त व्हायचा अर्ज तिने दिला आहे. पेन्शन सुरू होईपर्यंत ठाममध्ये ठेवलेल्या साठवणीवर ती राहणार. तिच्या शब्दावर वॉर्डातल्या अकराजणींनीही पैसे टाकलेत, नर्स आणि आया मिळून. त्यांना अ‍ॅप वगैरे झेपत नाही, म्हणून सगळं ताईच्याच खात्यात. ताई म्हणाली, "अरे, माझं सोड, पण त्या बायकांचं नीट आहे ना?" मी म्हणालो, शंभर टक्के.

सोमवार, ९ सप्टेंबर

शनिवार-रविवारात कुठल्यातरी दुसऱ्या देशातलं आमच्यासारखंच एक नाणं निम्म्यावर आलं. त्यांचा आमचा काडीचा संबंध नाही. पण आज सकाळच्या पेपरात ठामचं नाव आलं, आणि चाळीस टक्के पैसे वर्षभर अडकलेले आहेत हेही आलं. मी विचारलं, हे बाहेर गेलं कसं? मास्तर म्हणाला, आपणच वेबसाइटवर टाकलंय, आपण पारदर्शक आहोत. वर आकृती काढून टाकली होती, दोन रंगांत.

दुपारपर्यंत खिडकीवर झुंबड उडाली. आकडे बघताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मास्तरने नियम काढला, एका खात्यातून दिवसाला दहा हजारांच्या वर निघणार नाहीत. लोक चिडले, पण धार कमी झाली.

रात्री बायको म्हणाली, "ज्याला आपले पैसे आपल्या हाताने काढता येत नाहीत, त्याने ते ठेवले कुठे म्हणायचे?" हिला धंद्यातलं काही कळत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

बाजारात ठाम ०.९७ ला मिळतोय. म्हणजे ज्यांना खिडकीपाशी थांबायचं नाही ते तीन टक्के तोटा खाऊन दुसऱ्याला विकून मोकळे होताहेत. तो भाव वर आणायला आम्हीच बाजारातून ठाम विकत घेतले. माझी शिल्लक त्यात गेली. मास्तरचीही गेली. तासाभराने भाव पुन्हा ०.९७.

खिडकीवर मात्र एक गंमत दिसली. बहुतेक लोक येतात तेव्हा मर्यादेइतके, म्हणजे बरोबर दहा हजार काढतात. एक खातं आहे ते काल आलं आणि ६,३४० घेऊन गेलं. आज आलं आणि ८,११५ घेऊन गेलं. आत भरपूर शिल्लक आहे. दहा निघत असताना आठच का घ्यावेत? हावरट माणूस असं करणार नाही आणि घाबरलेला तर मुळीच नाही. झोपाळूने त्या खात्याचं नाव 'मुंगी' ठेवलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मुंगी आजही आली. ३,९००.

ताई जेवायला आली होती. कमरेला पट्टा बांधून, एकेक पायरी थांबत थांबत वर आली. सोमवारी फोनवर सांगितलं होतं तेच मी तिला पुन्हा स्पष्ट सांगितलं की सध्या काही काढू नकोस आणि तुझ्या बायकांनाही काढू देऊ नकोस. आपलीच माणसं पळू लागली तर बाहेरच्यांनी काय करायचं? ती म्हणाली, "बरं." मग विचारलं, "खिडकी उद्या चालू असेल ना?" मी म्हणालो, शंभर टक्के. थोड्या वेळाने तिने परवाचं विचारलं. बिचारीला काळजी माझी, आणि विचारते खिडकीचं.

जेवणानंतर ती आणि बायको आतल्या खोलीत फोन घेऊन बसल्या. ताईला फोनवरून दुसऱ्याला पैसे पाठवायचे कसे ते शिकायचं होतं. आयुष्यभर रोख मोजून दिले, आता या वयात हौस आली. मला बरंच वाटलं. बायकोने तिला तीनदा करून दाखवलं, आणि नंतर भांडी घासताना माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी कारण विचारलं नाही, आता माझ्या अंगात तेवढी ताकद नाही.

मंगळवार, १७ सप्टेंबर

०.९१.

बँकेत गेलो होतो ठेव मोडायला. साहेबांनी पाणी दिलं, चहा दिला, पंखा आमच्याकडे वळवला आणि मग सांगितलं की तीस दिवसांची नोटीस लागते, वर दंड. मास्तर त्यांना समजावू लागला की तीस दिवसांत आम्हीच उरणार नाही. साहेब म्हणाले, तसं असेल तर नोटीस लेखी द्या. आम्ही दोघं जिन्यात बसलो. मास्तरला धाप लागली होती. शाळेत परीक्षेच्या आधी व्हायचं तसं त्याचं झालं, तेव्हा मी त्याची पाठ चोळत राहिलो. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. खिडकी चालू ठेवली तर पैसे संपणार, बंद केली तर ठाम संपणार.

मला भूक लागत नाही. दुपारी आरशासमोर तोंड धुताना दाढी केलीय की नाही ते आठवेना, हात लावून बघावं लागलं.

मुंगी काल १०,००० आणि आज २,२६०. एकदाच मर्यादेपर्यंत गेली आणि दुसऱ्या दिवशी शेपूट. मास्तरने फळ्यावर सगळे आकडे लिहिले आणि त्यातून काही सूत्र निघतं का ते बघत बसला. त्याचं मत, हे माणूस नाही, यंत्र आहे. कुणीतरी प्रतिस्पर्धी आमची भिंत किती जाड आहे ते टकटक करून बघतोय. थेंबे थेंबे तळं साचतं, तसं रिकामंही होतं. मला पटलं. इतके वेडेवाकडे आकडे शहाण्या माणसाच्या डोक्यातून येणार नाहीत.

गुरुवार, १९ सप्टेंबर

आज मास्तरचं आणि माझं भांडण झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, मुंगीचं नाव उघडू या. त्याने आपली किल्ली टेबलावर ठेवली, झोपाळूनेही ठेवली. मी ठेवली नाही. मी म्हणालो, लोकांचे पैसे आपण वेळेवर देऊ शकत नाही, व्याज देऊ शकत नाही, भाव धरून ठेवू शकत नाही. दिलेला एक शब्द तेवढा उरलाय. तो म्हणाला, "शब्द चाटत बस."  झोपाळू उगाच चष्मा पुसत होती.

शेवटी तोडगा मीच काढला. नाव न बघताही मुंगीला आवरता येतं. खिडकीवर रोज वाटायला आता ठरावीकच पैसे असतात, तर आजपासून जो नव्याने येईल तो पुढे. ज्याने सगळ्यात जास्त वेळा पैसे काढलेत तो रांगेत सगळ्यात मागे. हे न्यायाचंही आहे, ज्याला अजून काही मिळालं नाही त्याला आधी मिळायला हवं. नऊ तारखेच्या बातमीनंतर मुंगीइतक्या वेळा कुणीच आलेलं नाही. झोपाळूने संध्याकाळपर्यंत करून दिलं. मास्तरने फळ्यावरचे मुंगीचे आकडे पुसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी शहाणपणाचं केल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मुंगी अडकली! ७,४८० मागितले आणि थेट रांगेच्या शेपटाला. नंतर पुन्हा मागून बघितले, पुन्हा शेपटाला. झोपाळूने टाळी दिली.

दुपारी ताईचा फोन. इस्पितळात कुणीतरी म्हणत होतं, आज पैसे निघत नाहीत, खरं का? मी म्हणालो, निघताहेत, फक्त आता नियम बदललाय. ती म्हणाली, "मागे ढकललेल्यांची पाळी येते ना पण?" मी म्हणालो, त्यांची काळजी तू कशाला करतेस, ती सगळी लुबाडायला बसलेली माणसं आहेत, त्यांना बसू दे मागे. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "जेवलास का?"

रविवार, २२ सप्टेंबर

०.७४. नव्याने येणारे एवढे आले की मागच्यांची पाळी यायचा प्रश्नच नाही.

बायकोला म्हणालो, तुझ्या भावाकडून थोडे दिवसांसाठी मिळतील का? तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला ताईंची भीती नाही वाटत का रे? मला त्यांच्यासमोर उभं राहायची वाटते." मी म्हणालो, ताई माझ्या बाजूची आहे. ती म्हणाली, "तेच तर."

मंगळवार, २४ सप्टेंबर

सकाळी अकराला खिडकी बंद केली. मास्तरने बटण दाबावं असं ठरलं होतं, पण त्याचा हात होईना, म्हणून मी दाबलं. पाच मिनिटांत भाव ०.३१. मास्तर फळ्याकडे तोंड करून रडला. चाळीस-बेचाळीस वर्षांचा माणूस, शर्टाची एक बाही खडूने पांढरी.  मी त्याची बाही झटकली.

खाली रस्त्यावर लोक जमलेत. एक म्हातारे गृहस्थ फाटकाशी उभे राहून अगदी शांतपणे विचारत होते की परत कधी यायचं तेवढं सांगा. मागच्या दाराने निघताना मी त्यांना पाहिलं. आमचं सगळं आता सरकारी कारभाऱ्याच्या हातात जाणार. त्याचा अंदाज, हातात काही पडलंच तर दोन-तीन वर्षांनी, आणि निम्म्याहून कमी.

ताईचे दोन वेळा फोन आले. उचलले नाहीत. अकराजणी आणि बारावी ती. मी तिला काय तोंड दाखवू?

गुरुवार, २६ सप्टेंबर

घरीच. बायकोने गच्चीची किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवली आहे. कपडे वाळत घालायला जाऊ का म्हटलं, तर म्हणाली, मी घालते. इतकी वर्षं मी घातले तेव्हा चाललं. रजा काढून दिवसभर घरात बसते आणि मी न्हाणीघरात जरा जास्त वेळ घेतला की दार वाजवते. माणसाला घटकाभर एकटं बसू देत नाही.

ताईचा पुन्हा फोन. बायकोने उचलला, गॅलरीत जाऊन बोलली, आत येऊन म्हणाली, "शनिवारी बोलावलंय तुला. एकट्याला."

शनिवार, २८ सप्टेंबर

हे छापण्यासाठी नाही.

ताईकडे गेलो. दोन खोल्यांचं घर, खिडकीतून इस्पितळाची मागची भिंत दिसते. ती पलंगावर शेकायची पिशवी पाठीशी घेऊन बसली होती, दुपारच्या ड्यूटीचा गणवेश घातलेला. मी दारातच पाठ केलेलं बोलून टाकलं. म्हणालो, त्या अकराजणींना इथे बोलाव, काय ते मला बोलू देत, मी पाया पडेन, तुझ्यावर नको यायला. वर्ष-दोन वर्षांत मी एकेकीचे फेडीन.

ताई म्हणाली, "त्यांचे दिले मी."

मला कळेना. ती म्हणाली, दिवसाला दहा हजारांचा नियम आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काढायला लागले. ज्या दिवशी जिची पाळी तिचे पूर्ण, व्याजासकट. एकीचे जास्त होते, तिला दोन दिवस लागले. रविवारीसुद्धा एकीचे दिले. पहिल्या तिघींना रोख दिले, मग तुझ्या बायकोने शिकवलं, तेव्हापासून काढले की लगेच तिच्या फोनवर पाठवायचे. नऊजणींचे झाले आणि मग एकदम निघायचेच बंद झाले. उरल्या दोघी, त्यांचे माझ्या बँकेतल्या शिलकीतून दिले.

मी खाली बसलो. चटईवर, लहानपणी बसायचो तसाच. डोळ्यांसमोर मास्तरचा फळा आला आणि त्यावरचे सगळे आकडे. ६,३४० ही कुणीतरी बाई होती. ३,९०० ही कुणीतरी बाई होती. आणि ७,४८० जिचे होते तिला आम्ही टाळ्या देऊन मागे ढकललं होतं.

मी विचारलं, रोज दहा का नाही काढलेस? तुझेही निघाले असते.

ती म्हणाली, "तू नको म्हणाला होतास ना. त्यांचे काढले ते त्यांचे होते म्हणून. माझे काढले असते तर तुझा शब्द मोडला असता."

मग मी तिला सांगितलं. तो नियम माझाच, मागे ढकलण्याचा. रोज येणारं खातं कुणाचं ते मला ठाऊक नव्हतं, नाव बघायला मीच नकार दिला. मी ते सगळं एका दमात बोललो आणि रडायला लागलो. तिने रडू दिलं. पाठ वाकत नाही म्हणून तिला खाली येता येईना, तिने पायाच्या अंगठ्याने माझ्या गुडघ्याला हलकं ढोसलं.

"नाव बघितलं असतंस तर काय केलं असतंस?"

आयुष्यात ताईशी मी पुष्कळदा खोटं बोललोय, या महिन्यात तर रोज. आज जमलं नाही. म्हणालो, तुला फोन केला असता. हातापाया पडून थांबवलं असतं.

"आणि मी थांबले असते," ताई म्हणाली. "मला तुला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर कळू दिलं नाही."

मग ती उठली, भिंतीवर हात टेकून चपला घातल्या, आणि ड्यूटीची वेळ झाली, फाटकापर्यंत सोडायला चल म्हणाली. वाटेत मी म्हणालो, तुझं आता कसं होणार? तिने रस्त्यातला खड्डा दाखवला, बघून चाल म्हणाली.

इस्पितळाच्या फाटकाशी वॉर्डातली एक आया बादली घेऊन उभी होती. ताईने तिला माझी ओळख करून दिली आणि हजेरी लावायला आत निघाली. त्या बाईने बादली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाली, "ताई म्हणाल्या, भावानेच आधी सांगितलं, बुडायच्या आत गुपचूप काढून घ्या. स्वतःची कंपनी बुडत असताना कोण असं सांगतं हो? माझ्या पोरीच्या फीचे होते ते. नवीन काही काढलंत तर आम्हाला सांगा." मला काहीतरी बोलायचं होतं, खरं काय ते. पण तिचं अजून संपलं नव्हतं.

"आणि आणखी एक गंमत," ती म्हणाली. "ताईंनी निवृत्तीचा अर्ज मागे घेतला. आणखी दोन वर्षं आमच्यातच आहेत. एवढी पाठ दुखते, पण जीव अडकलाय त्यांचा आमच्यात."

ताई तोवर कठड्याला धरून चढण चढत होती, मध्ये एकदा थांबली, मग पुन्हा निघाली. मी त्या बाईला हो म्हणालो.